तांबड्याचा खांदा आणि खानसाम्याचं इंग्रजी

आमच्या बोरीत आता कुणाचा मुलगा इंग्रजीच्या चार यत्ता करून आला, की त्याचा बाप पेढे वाटतो आणि मला मुद्दाम पारावर बोलावून घेतो. "बघा, तुमच्यासारखाच फाडफाड बोलतोय." मी पेढा घेतो, तोंडात टाकतो, पण तळपायाची आग मस्तकात जाते. मी इंग्रजी पेढ्यासाठी शिकलो नव्हतो. मी ते एका बैलाच्या खांद्यासाठी शिकलो. ज्यानं मला ते शिकवलं त्याचं त्यापायी काय झालं, हे त्या पारावर बसणाऱ्या एकालाही ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही. म्हणून लिहून ठेवतो.

ते दिवस या शतकाच्या अगदी आरंभीचे. मी तेव्हा नुकतं लग्न झालेला, औत धरणारा गडी होतो. दिवाळी सरून थंडी पडली, की साहेब लोक दौऱ्यावर निघत. साहेब एकटा कधी येत नसे. त्याच्या मागून तंबू, राहुट्या, खाटा, मडमेची खुर्ची, बाटल्यांच्या पेट्या आणि अंघोळीचा एक लोखंडी टब येई. हे सगळं एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी न्यायचं कुणी? ज्या गावाजवळ तळ पडला असेल त्या गावानं. याला वेठ म्हणत. गावात पाळी लावलेली असे, आणि ज्याची पाळी त्यानं गाडीबैल घेऊन तळावर हजर व्हायचं. तुमच्या हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलंय की घरात बाळंतीण अडलीय, याची चौकशी कुणी करत नसे. म्हणायला भाडं ठरलेलं होतं. ते कुठल्या खिशात मुरत होतं यावर लिहायला बसलो तर मूळ गोष्ट राहून जाईल.

त्या साली पाळी आमची आली. आमची जोडी एकच. पांढरा बैल बाजारातून आणलेला आणि तांबडा आमच्या घरच्या गाईचा. तांबड्याची आई तो आठवड्याचा असताना गेली, तेव्हा माझ्या आईनं त्याला दुधात बोट बुडवून चाटवत जगवलं होतं. मोट ओढून ओढून त्या थंडीत त्याला खांदा आला होता. मानेवर जिथं जू टेकतं तिथं सूज येते आणि हात लावला तरी जनावर थरथरतं, त्याला आमच्याकडे खांदा येणं म्हणतात. अशा बैलाला जुवाला लावत नाहीत. लावला तर सूज फुटते, जखमेत किडे पडतात आणि बैल जन्माचा जातो. बाप रोज सकाळी लोण्यात हळद कालवून त्या सुजेवर हलक्या हातानं चोळत असे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्याच बैलांचे खांदे असे चोळतो, तिला खांदमळणी म्हणतात. पण तो सणाचा भाग झाला. हे भर थंडीत चाललेलं औषध होतं, आणि कुठल्याही शेतकऱ्याला ते लांबूनच कळलं असतं.

तळ कुकडीकाठच्या आमराईत पडला होता. सकाळी साहेब तंबूपुढं खुर्ची टाकून बसलेला, शेजारी त्याचा कारकून उभा, आणि पाठीमागं पांढरा फेटा, पांढरे हातमोजे घातलेला खानसामा चहाचं तबक घेऊन उभा. साहेबाला मराठी येत नव्हतं. आपण बोलायचं ते कारकुनाशी, आणि साहेबाला कळायचं ते कारकुनाच्या तोंडून. बाप हात जोडून पुढं झाला.

"सरकार, बैलाला खांदा आलाय. हळद लावलीया, बघा. मी सोता डोक्यावर वझं घेतो, घोडेगावापत्तुर वाहतो. पर याला सोडा."

कारकून साहेबाकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबाचा चेहरा उजळला. तो उठला, तांबड्याजवळ आला, त्याच्या कपाळावर थोपटलं आणि बापाकडे बघून "गुड, गुड" म्हणाला. बापाला वाटलं, सुटला आपला बैल. त्यानं साहेबाच्या पायाशी वाकून रामराम घातला आणि माझ्याकडे बघून हसला. तो हसत असतानाच पट्टेवाल्यानं तांबड्याच्या मानेवर जू टेकवलं.

बाप म्हणाला, "आवं, सरकारनं सोडलंय न्हवं त्याला?"

"चल हो बाजूला," कारकून म्हणाला. "साहेब खूश आहेत. आता तोंड उघडून घाण करू नकोस."

गाडी मी हाकली. माझ्या गाडीत तो टब होता. नारायणगाव ओलांडलं तोवर तांबडा मान वाकडी करून चालत होता, मंचरच्या अलीकडं खांदा फुटला, आणि घोडेगावला पोचलो तेव्हा जू लाल झालं होतं. रस्ताभर मी चाबूक गाडीत खाली टाकून ठेवला होता, तरी तो चालतच राहिला, कारण त्याला थांबायचं शिकवलेलंच नव्हतं. रडू येत होतं आणि कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता. कुणाचा, तेच कळत नव्हतं.

उन्हाळाभर बाप त्या जखमेशी झुंजला. किडे काढले, कडुनिंबाचा पाला वाटून बांधला, माश्या बसू नयेत म्हणून रात्रंदिवस गोठ्यात बसला. तांबडा वाचला. पण तोवर एका बैलावर शेती होईना, म्हणून शेजारच्याशी सावड केली, म्हणजे त्याचा एक बैल आणि आमचा पांढरा मिळून दोघांची शेतं आळीपाळीनं. शेजारी चांगला माणूस. त्याचं नाव पुढं येईल तेव्हा हे लक्षात ठेवा. नाव म्हणजे माणूस म्हणतो मी, नाव मी कुणाचंच घेणार नाही.

वैशाखात जुन्नरच्या बाजारी कांदे घेऊन गेलो होतो. तिथं तो खानसामा दिसला. साधा लेंगा, डोक्याला गोल टोपी, हातमोजे नाहीत, तरी उभा राहण्याच्या ढबीवरून मी ओळखला. साहेब उन्हाळ्यात थंड हवेच्या गावी जाई, तेव्हा याला सुट्टी मिळे आणि हा जुन्नरला भावाच्या घरी येऊन राही. त्यानंही मला ओळखलं.

"कैसा है तुमचा बैल? तो सजवलेला?"

"सजवलेला?" मी म्हणालो.

मग तो अगदी सहज, बाजारातली गंमत सांगावी तसा बोलला. कारकुनानं साहेबाला सांगितलं होतं की, हा शेतकरी म्हणतो, सरकार येणार म्हणून मी माझा बैल हळद लावून सजवून आणलाय, आमच्याकडे सणाला सजवतात तसा, आणि सरकारची सेवा करायला मिळाली याचा त्याला फार आनंद झालाय. एक गाडी कमी पडली असती तर कारकुनाला बोलणी बसली असती, म्हणून त्यानं ही युक्ती काढली. "तुमचे कारकून रावसाहेब बडे होशियार," खानसामा म्हणाला.

माझ्या हातातली कांद्याची पाटी खाली पडली. बाप साहेबाच्या पायाशी वाकला होता तो कशासाठी, हे तेव्हा कळलं. आमच्या औषधाचा कारकुनानं दागिना केला, आणि आम्ही त्याबद्दल रामराम घालून आलो. कारकून तिथं असता तर त्याचं मी काय केलं असतं सांगता येत नाही. तिथं होता तो खानसामा. मी त्यालाच धरलं.

"तुम्ही ऐकलंत सगळं? मराठी ऐकलंत आणि इंग्रजीही?"

"ऐकलं."

"मग बोलला का नाहीत?"

तो गोंधळला. खरोखर गोंधळला, सोंग नव्हतं ते. "मेरा काम चाय का था, बेटा," तो म्हणाला. "बोलायचं काम रावसाहेबांचं."

मी त्याला त्या बाजारात नाही नाही ते बोललो. लोक जमले. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि माझा दम संपल्यावर म्हणाला, "अजून चार शिव्या असतील तर घरी येऊन दे, इथं माझ्या भावाची अब्रू आहे." मग विचारलं, "तुला स्वतःला बोलायचं आहे का साहेबाशी?"

असं माझं इंग्रजी सुरू झालं.

त्याच्या भावाचं घर कागद करणाऱ्यांच्या वस्तीत होतं. जुन्नरचा हाताचा कागद एकेकाळी लांबवर जायचा. माझ्या वेळेपर्यंत गिरणीच्या कागदानं त्या धंद्याची पार रया गेली होती, तरी दोनचार घरी अजून हौद होते. भाऊ कमरेत वाकून हौदातल्या पाण्यात चौकट बुडवी, लगद्याचा पातळ थर उचलून घेई, आणि ओले ताव भिंतीवर थापून वाळवी. खानसामा त्या हौदाकडे फिरकत नसे. मी तिकडे बघायला लागलो तर म्हणे, "ते नको बघू. ते हात खराब करायचं काम. आपलं काम साफ हातांचं."

बाजाराच्या दिवशी कांदे, नाहीतर वांगी विकून झाली की मी तिथं जाई. फाटके ताव जमिनीवर मांडून तो त्यांची ताटं करी. हे प्लेट, हे कप, हे नॅपकिन. आणि मला एक फळकूट हातात देऊन तबक म्हणून धरायला लावी. "साहेबाच्या डाव्या बाजूनं ये. वाक. आता बोल, ब्रेकफास्ट रेडी सर."

"ब्रेकफास्ट रेडी सर."

"वाकला नाहीस."

"बोललो ना!"

"बोललास, पण वाकला नाहीस. इंग्रजी ऐसे नहीं बोलते."

यावरून आमचं दर बाजाराला वाजत असे. त्याला वाकल्याशिवाय शब्दच येत नव्हते. हॉट वॉटर रेडी सर, असं म्हणताना त्याची कंबर आपोआप लवायची. सॉरी सर म्हणताना आणखी खाली. मी म्हणायचो, पाणी तापलंय हे सांगायला वाकायचं कशाला, पाणी काय मी उकळलं म्हणून गुन्हा झाला? तो म्हणायचा, "घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, हे तुमच्यातच म्हणतात ना?" मी चिडून उठून जाई, आणि पुढच्या बाजाराला परत येई. दुसरा कोण होता शिकवायला? शाळेचे मास्तर मला म्हणाले होते, कुणबटाला कशाला हवं इंग्रजी, आणि दार लावून घेतलं होतं.

मला हवं होतं ते वाक्य त्याच्यापाशी तयार नव्हतं. उभी हयात त्यानं साहेबाच्या घरात काढली, पण बैलाच्या जखमेला काय म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. आम्ही ते वाक्य स्वयंपाकघरातून जमवलं. खांद्याला शोल्डर, हे त्याला मटणामुळे माहीत. नासलेल्या मासळीला बॅड. मडम डोकं धरून बसली की सिक, आणि ती घ्यायची ते मेडिसिन. नाताळात तंबूला फुलं बांधायची ते डेकोरेशन. बुलक तेवढा तो गाडीवानांकडून शिकला होता. नो डेकोरेशन सर. मेडिसिन. बुलक सिक. शोल्डर बॅड. घरी मी ते गोठ्यात म्हणत असे, तांबड्यापुढं उभा राहून, ताठ.

एकदा मी त्याला विचारलं, "चाचा, साहेबाला नाही म्हणायचं असलं तर?"

"नो सर."

"तुम्ही म्हणता?"

"रोज कहता हूँ. नो एग्ज सर. नो मिल्क सर. नो ड्राय वूड सर."

"ते अंड्यांचं झालं. तुम्हाला स्वतःला एखादी गोष्ट नको असली तर?"

तो जमिनीवरची कागदी ताटं पुन्हा सरळ लावत राहिला. हौदाकडून पाण्याचा आवाज येत होता. "तसा मोका आला नाही," तो शेवटी म्हणाला. मला हसूही आलं आणि चीडही आली. या माणसानं जन्मभर जो नो म्हटला तो अंड्यांच्या वतीनं, दुधाच्या वतीनं, ओल्या लाकडांच्या वतीनं. मी त्याला तसं तोंडावर बोलून दाखवलं. त्या दिवशी त्यानं मला वाकायला सांगितलं नाही.

पुढल्या थंडीत तळ पुन्हा आमराईत पडला. पाळी आमची नव्हती. पण कारकुनानं पाटलाच्या माणसाला सांगितलं, गेल्या साली साहेबांना आवडलेला तो सजवलेला बैल आणा, साहेबांनी आठवण काढलीय. बघा म्हणजे. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो. तांबडा नुकता कुठं पुन्हा जुवाला लागला होता, आणि जुन्या जखमेच्या जागी परत सूज धरून कोवळी कातडी चिरू लागली होती. बाप पुन्हा हळद चोळत होता. यावेळी खांदा फुटला तर तो वाचणार नाही, हे बापाला आणि मला दोघांनाही माहीत होतं.

"मी बोलतो," मी बापाला म्हणालो.

"लई शाना झालास व्हय? गप ऱ्हा. आपलं बोलनं त्यांना कळत न्हाई."

"यावेळी कळंल."

आमराईत सगळं जिथल्या तिथं होतं. खुर्ची, साहेब, कारकून, आणि मागं तबक घेतलेला खानसामा, हातमोजे घातलेला. त्याची माझी नजरभेट झाली नाही. मी पुढं झालो. ताठ उभा राहिलो. आवाज बरा निघाला.

"नो डेकोरेशन सर. मेडिसिन. बुलक सिक. शोल्डर बॅड."

कारकुनाचं तोंड उघडंच राहिलं. साहेब खुर्चीत सरसावून बसला. मला वाटलं, झालं काम. बापाच्या पुढं, गावाच्या पुढं, त्या भामट्याला मध्ये न घेता सरळ साहेबापर्यंत पोचलो आपण.

साहेब मोठ्यानं हसला. मडमेला हाक मारली. ती तंबूतून बाहेर आली. त्यानं मला हातानं खूण केली, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. मडमेनं टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड!" तिनं हसत मला काहीतरी विचारलं. ते मला कळलं नाही, पण आणखी काय येतं असंच असावं. आणि माझी जीभ! मला दुसरं येत काय होतं? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हॉट वॉटर रेडी सर. ब्रेकफास्ट रेडी सर." एवढंच नाही, माझी कंबरही लवली. दोघं हसून हसून बेजार झाले. तळावरचे पट्टेवालेही हसले. राघू बोलायला लागला म्हटल्यावर राघूला काय म्हणायचंय हे कोण ऐकतो? त्यांनी माझं इंग्रजी ऐकलं, आणि बैलाचं राहूनच गेलं.

त्या क्षणाचा राग मला अजून आहे. साहेब दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसण्यात तो सुखात होता. बैल दहा हातांवर उभा होता. उठून बोट लावून बघायला कुठली भाषा लागते?

कारकून सावरला. साहेबाजवळ वाकून तो भरभर काही बोलला आणि पट्टेवाल्याला खूण केली. पट्टेवाल्यानं जू उचललं. बाप मटकन खाली बसला.

तेव्हा मागून आवाज आला.

"नो सर."

मी आधी ओळखलाच नाही तो आवाज. खानसाम्यानं चहाचं तबक खाली गवतावर ठेवलं. साहेबाचं तबक, जमिनीवर! तो चालत तांबड्यापाशी गेला, खांद्यावरचा पांढरा नॅपकिन काढला आणि हळद हळूच पुसली. तांबडा थरथरला. नॅपकिन पिवळा झाला, आणि मग त्यावर लाल उमटलं. तो नॅपकिन दोन्ही हातांत पसरून त्यानं साहेबापुढं धरला. तो वाकला नव्हता.

"नो डेकोरेशन सर. रावसाहेब टेल लाय. लास्ट इयर ऑल्सो लाय."

कुणी हसलं नाही. मडम तोंडाला रुमाल लावून आत गेली. साहेब त्या नॅपकिनाकडे बघत राहिला. मग तुटक काहीतरी बोलला, पट्टेवाल्यानं जू खाली ठेवलं, आणि बाप तांबड्याच्या गळ्यात हात टाकून रडायला लागला.

इथं गोष्ट संपवली तर ऐकणाऱ्याला बरं वाटेल. पण कुणाला बरं वाटावं म्हणून मी हे सांगत नाही. तळ हलायचाच होता, टब घोडेगावला जायचाच होता, आणि एक गाडी कमी होती. कारकुनानं आमच्या शेजाऱ्याची गाडी जुंपायला लावली. आमच्याशी सावड करणारा तोच शेजारी. त्याच्या गव्हाला त्याच दिवशी पाणी द्यायचं होतं. जाताना तो मला म्हणाला, "तुज्या इंग्रजीनं तुजा बैल सुटला आन् माजा धरला. लई उपकार झालं, भाऊ." पुढं कितीतरी महिने तो आमच्या ओट्यावर चढला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. वेठ होती तिथंच राहिली. फक्त तिचं जू एका मानेवरून दुसऱ्या मानेवर गेलं.

कारकुनाचं काय झालं? काही नाही. साहेबानं झापलं असेल नसेल. तो पुढची अनेक वर्षं तसाच खुर्चीशेजारी उभा होता, पेन्शन घेऊन गेला, आणि गावोगावी लोक त्याला रावसाहेब म्हणून नारळ देत. खानसाम्याला मात्र घोडेगावच्या मुक्कामाहूनच घालवून दिलं. तबक जमिनीवर ठेवलं, चांगला नॅपकिन नासवला आणि विचारल्याशिवाय बोलला, असं कारण सांगितलं. खोटं बोलणारा राहिला आणि नॅपकिन खराब करणारा गेला, असा तो न्याय. चिठ्ठीत काय लिहून दिलं कोण जाणे, नंतर त्याला कुठल्याही साहेबाच्या बंगल्यावर कुणी ठेवलं नाही.

हे मला फार उशिरा, शिमग्याच्या सुमारास कळलं. बाजाराला गेलो तेव्हा त्याच्या भावाच्या घरी गेलो, बरोबर गुळाची ढेप आणि आईनं दिलेलं लोणी घेऊन. अंगणात ताव वाळत होते. हौदावर भाऊ नव्हता. खानसामा स्वतः गुडघ्यावर लुंगी खोचून कमरेत वाकला होता आणि चौकट पाण्यात बुडवत होता. त्याचे हात मी पहिल्यांदाच तसे बघितले. उभा जन्म हातमोज्यांत राहिलेले गोरे हात पाण्यानं सुजून, बोटांच्या पेरांवर चिरले होते.

मला त्याच्याकडे बघवेना. बोलायला गेलो तर शिव्याच आल्या. साहेबाला, कारकुनाला, मडमेच्या टाळ्यांना, त्या टबाला. इंग्रजीला तर मी सगळ्यात जास्त शिव्या घातल्या. कशाला शिकवलंत मला, आणि कशाला उघडलंत तोंड, तुमचं काम चहाचं होतं ना, असं मी त्याच्यावरच ओरडलो. मागे बाजारात ओरडलो होतो ते तो बोलला नाही म्हणून. आता बोलला म्हणून ओरडत होतो.

त्यानं चौकट उचलून पाणी निथळू दिलं, ओला ताव सांभाळून गठ्ठ्यावर ठेवला, आणि मग विचारलं, "तांबडा कसा आहे?"

"खांदा बसला. परवा हलक्या औताला लावला."

"अच्छा," तो म्हणाला, आणि चौकट पुन्हा हौदात घातली.

मी म्हणालो, "चाचा, पस्तावा होतो का?"

तो कमरेत वाकलेला होता, ते काम वाकूनच करावं लागतं. पण माझ्या प्रश्नावर तो चौकट तशीच पाण्यात सोडून उभा राहिला. पाठीवर हात ठेवून पूर्ण ताठ झाला, माझ्याकडे सरळ बघितलं.

"नो," तो म्हणाला. पुढं सर नव्हतं. आणि हा नो अंड्यांच्या वतीनं नव्हता.